माती आपली, कुलूप त्यांचं

सान आंब्रोसियो, टेक्सास
९ फेब्रुवारी १९८८

ओतिलियाताई,

ओदिलोनने तुला सांगितलं असेलच. तुझा मुलगा पन्नाशीला आला तरी त्याच्या पोटात काही राहत नाही. तर त्याने सांगितलं ते खरं आहे. मी बराक विकत घेतली. तीच, नदीच्या वळणावरची, घोडदळाची.

तुला विचारलं नाही, कारण तू नाही म्हणाली असतीस. तू नाही म्हणाल्यावरही मी घेतलीच असती. मग विचारून तुझा शब्द खाली कशाला पाडायचा?

लिलाव कोर्टाच्या पायऱ्यांवर झाला. आम्ही बोली लावणारे दोघंच. दुसरा डॅलसचा कुणी क्लेबर्न, डोक्यावर करकरीत नवी टोपी, तिला घामाचा डागसुद्धा नाही. त्याने माझ्याकडे पाहिलं आणि वकिलाला इंग्रजीत म्हणाला, "तो म्हातारा भंगाराच्या लोखंडासाठी आलाय. जाईल दमून." मी टोपी काढून त्याला नमस्कार केला. तुला ठाऊक आहे, मी उभं आयुष्य पवनचक्क्यांवर चढण्यात काढलं. खालच्या माणसाला वाटतं, वर वारा आहे, याला काय ऐकू जाणार. उलट असतं, ताई. खालचं सगळं वर येतं. कुठल्या मालकाची विहीर आटत आली, कोण जमीन विकायच्या बेतात आहे, कुणाची बायको माहेरी निघाली, सगळं मी पात्यांना तेल घालता घालता ऐकलं आणि त्यावर धंदा उभा केला. क्लेबर्नचा आकडा त्याच्या वकिलाने पायऱ्या चढतानाच बोलून दाखवला होता. मी त्याच्या थोडा पुढे गेलो, बस्स.

आता तिथे काय उरलंय म्हणशील, तर भिंती. छप्पर नाही, दारं नाहीत, आत बकऱ्यांच्या लेंड्या आणि रानगवत. पायाशी भिंती खाऱ्या ओलीने खाल्ल्यात, हात घातला तर कोपरापर्यंत जातो. पण कमरेच्या वर वीट अशी टणक आहे की बोट फिरवताना भाजलेली वाटावी. त्या लांबलचक बराकीची मी सहा घरं करणार. प्रत्येकाला आपलं अंगण, भिंतीत शेकोटी, उत्तरेच्या उजेडाची एक मोठी खोली, चित्रं काढणाऱ्यांसाठी, कोरीवकाम करणाऱ्यांसाठी. असले लोक हल्ली या वाळवंटात येतात आणि पत्र्याच्या गाड्यांत राहतात. मारेन नावाची कुंभारकाम करणारी बाई मिनेसोटाहून आली आहे. तिने तर पहिलं घर आत्ताच आपलं म्हणून धरलंय आणि आवारात गाडी लावून बसली आहे. कामाला वाघीण आहे. बोलते फार.

पूर्वेच्या टोकाच्या कोठडीबद्दल या पत्रात लिहीत नाही.

तुझा भाऊ,
एवारिस्तो

१४ मार्च

ताई,

कार्ड मिळालं. एक ओळ: "त्या भिंतीला हात लावलास तर माझ्या दाराला लावू नकोस." वय सत्त्याहत्तर आणि अक्षर अजून मोत्यासारखं. मी ते फ्रीजवर चिकटवलं आहे. सकाळी दूध काढताना शिव्या खातो.

मग मी फोन केला. तू म्हणालीस, "माती आपली असेल, कुलूप त्यांचं होतं," आणि रिसीव्हर आपटलास. माझं वाक्य "पण ताई" इथेच राहिलं. ते आता पुरं करतो. पत्राचा हा एक फायदा, ते आपटता येत नाही. फाडता येईल, पण तू काटकसरी. मागच्या कोऱ्या बाजूवर किराण्याची यादी लिहिशील आणि लिहिता लिहिता वाचशील.

तर ऐक. कुलूप त्यांचं होतं, कबूल. ते कुठे आहे आता? सरकारचं घोडदळ आलं, राहिलं, गेलं. जाताना पत्रे नेले, दारं नेली, खिळेसुद्धा उपटून नेले. भिंती तेवढ्या नेता आल्या नाहीत. त्या भिंती कुणाच्या? बाबांनी आणि काकांनी आपल्या खालच्या शेतात खड्डा खणला, त्या मातीच्या. तो खड्डा अजून आहे. पाऊस झाला की त्यात बदकं उतरतात. सरकारने त्या खड्ड्याचं नावसुद्धा विचारलं नाही. विटा पाडल्या आपल्या माणसांनी, रचल्या आपल्या माणसांनी. आणि मग त्याच विटांच्या कोठडीत बाबांना कोंडलं, का, तर पलटणीचा एक घोडा हरवला आणि तो नदीपार कुणी पोचवला ते बाबांना ठाऊक असणार असं कुण्या सार्जंटला वाटलं.

"तू तेव्हा जन्मलाही नव्हतास," हे तू आता म्हणशील. नव्हतोच. तू सात वर्षांची होतीस, आईचं बोट धरून राजम्याचा डबा घेऊन त्या दारापर्यंत गेलीस आणि शिपायाने डबा परत दिला. हे मला ठाऊक आहे, कारण दर वर्षी उपासाच्या दिवसांत तू हे सांगायचीस आणि आम्ही जेवणं थांबवून ऐकायचो. मी पाहिले ते नंतरचे बाबा. हिवाळ्यात बादलीतलं पाणी गोठायचं तरी अंगणात खाट टाकून झोपणारे. छपराखाली ते कधी आडवे झाले नाहीत. मी मोठा होईपर्यंत मला वाटायचं, सगळ्यांचेच बाप अंगणात झोपतात.

म्हणून तू म्हणतेस, पडू दे ती भिंत. सगळं गाव सत्तर वर्षं तेच म्हणत आलंय. पडू दे. आणि ती पडत नाही! आपल्या बापाने इतकी चांगली बांधली. मग काय करायचं? मी घेतली नसती तर क्लेबर्नने घेतली असती. मला वाटतं, बाबांच्या हातचं नदीकाठी दुसरं काही उरलेलं नाही, आणि जे उरलंय ते घोडदळाच्या नावाने ओळखलं जातं, हे मला सोसत नाही. तुला सोसत असेल.

हे शेवटचं वाक्य कठोर झालं. खोडणार होतो. राहू दे.

एवारिस्तो

२२ मे

ताई,

तुझं कार्ड नाही, फोन नाही. ओदिलोन सांगतो, "आई पत्रं उघडते, वाचते आणि डाळीच्या डब्याखाली ठेवते." तेवढं मला पुरे.

काम चालू आहे आणि मी आनंदात आहे, हे तुला आवडो न आवडो. बाबांच्या खड्ड्याशेजारीच नवी माती काढली. आवारभर विटा उन्हात वाळत घातल्या आहेत. खाऱ्या ओलीने खाल्लेली खालची जागा कोरून नव्या विटा भरल्या. दारांवर मेस्कीटच्या लाकडाच्या तुळया बसवल्या, वाकड्या आहेत तशाच. मारेनने तिच्या घरात शेकोटीच्या दोन्ही बाजूंनी बसायचे कट्टे मातीतच वळवले आणि कोनाडे असे कोरले की प्रत्येक कोनाड्याला दिवसाच्या वेगळ्या वेळी ऊन मिळावं. माझे गवंडी हसले. मग त्यांच्यातलाच एक घरी जाऊन बायकोसाठी तसाच कोनाडा करून आला. पुढच्या घरात एक चित्रकार येतोय, त्याने दारं निळी हवीत म्हटलं. मी म्हटलं, निळी कर, जांभळी कर, फक्त हिरवट खाकी नको. तो रंग या जागेला पुरे झाला.

छपरं चढली. आता भिंतींना चिखलाचा गिलावा हवा, पावसाच्या आधी. आणि इथे घोडं अडलं.

तुला आपल्या गावची रीत सांगायला नको. पुरुष भिंत उभी करतात, बाया ती लिंपतात. मी हेर्लिंदाकडे गेलो. तिच्या हाताखाली पाच-सहा जणी आहेत, अजूनही तळहातानेच लिंपतात. ती सालसाचं वाटण वाटत होती. वर बघितलंच नाही.

"येते की," ती म्हणाली. "पण पहिला हात कोण लावणार?"

"म्हणजे?"

"म्हणजे काय म्हणजे? पहिला हात घरच्या थोरल्या बाईचा. घर तुझं असेल रे एवारिस्तो, पण घरातली बाई कुठाय?"

"बायको म्हणशील तर रामोना गेली, तुला ठाऊक आहे. मुलगी मला झाली नाही. मारेनला लावू दे, ती राहणार आहे तिथे."

"पोरगी चांगली आहे. पण डबा घेऊन त्या दारात ती नव्हती उभी राहिली." मग तिने मुसळी खाली ठेवली. "माझी आई तुझ्या आईबरोबर गेली होती त्या दिवशी. आम्ही कुणीच त्या भिंतीला चिखल लावणार नाही, ओतिलिया लावेपर्यंत. आणि ओतिलिया लावणार नाही. तेव्हा तू आपला पत्रा मार."

मग मी ताठ्याने घरी आलो आणि स्वतःच चिखल मळला. भुसा घातला, आंबवला, सगळं आई करायची तसं. एक भिंत लिंपली. हेर्लिंदा कुंपणापाशी येऊन उभी राहिली. दोन दिवसांत त्या भिंतीला असे पोपडे धरले की वाळलेली नदी बरी. तेव्हा ती म्हणाली, "पवनचक्क्या दुरुस्त कर बाबा."

हे कळायला क्लेबर्नला वेळ लागला नाही. खानावळीत माझ्या मागच्या टेबलावर बसला होता, बरोबर एक सजावटवाली बाई. मी पाठ फिरवून अंडी-चिली खात होतो. तिला म्हणाला, "म्हातारा अडकलाय. मी मशीनने सिमेंट मारून देतो म्हणेन, दोन दिवसांत सगळं काम. अर्ध्या किमतीत देईल." ती म्हणाली, "टोकाची ती तुरुंगाची खोली मला फार आवडली. वाइन ठेवायला किती गोड जागा आहे!"

गोड. ताई, तिने गोड हाच शब्द वापरला.

मी खुर्ची वळवली. म्हटलं, "बाईसाहेब, त्या खोलीत माझ्या बापाला कोंडलं होतं. दारू ठेवायची असेल तर तुमच्या बापाच्या खोलीत ठेवा." तिचा चेहरा लाल झाला. ती बिचारी खरंच शरमली, माफी मागितली. क्लेबर्न मात्र म्हणाला, "मिस्टर बाएसा, भावना बाजूला ठेवू. सिमेंट केलं नाही तर जुलैत तुमच्या हाती गाळ राहील."

"आणि सिमेंट केलं तर भिंत आत कुजेल आणि बाहेरून दिसणार नाही," मी म्हटलं. "मातीच्या भिंतीला सिमेंट म्हणजे ओल्या माणसाला रबरी कोट. हे माझ्या गावातलं कुत्रंसुद्धा सांगेल. त्यापेक्षा गाळ बरा." सगळी खानावळ ऐकत होती. मालकिणीने माझ्याकडून अंड्यांचे पैसे घेतले नाहीत.

बोलायला छान वाटलं. बाहेर आल्यावर आभाळाकडे पाहिलं, तेव्हा तेवढं छान वाटलं नाही. छपरांच्या कडा भिंतीच्या पुढे फार येत नाहीत. उघड्या विटांवर एक जोरदार सर आली की सहाही घरांच्या दर्शनी भिंती रस्त्यावर वाहतील. माझं सगळं यात आहे, ताई. पंपांचं दुकानसुद्धा.

हे तुला दया यावी म्हणून लिहिलेलं नाही. तुला हिशेब ठाऊक असावा म्हणून.

एवारिस्तो

११ जून

ताई,

आता कोठडीबद्दल लिहितो.

पहिल्या पत्रात मी ते टाळलं. खरं सांगायचं तर मी तिथे आत जायचंच टाळत होतो. गेल्या आठवड्यात गेलो, दुपारच्या वेळी. दोन्ही हात पसरले तर भिंतींना लागतात. छप्पर केव्हाच पडलंय, आणि एक भिंत एवढी कललीय की मी चार टेकू लावून ती धरून ठेवली आहे. माझ्या मनात एक नकाशा होता. तो तुला सांगतो, मग तुला काय म्हणायचं ते म्हण.

त्या खोलीवर छप्पर घालायचंच नाही. वर आभाळ उघडं. दाराची चौकट रिकामी, तिथे कधीच दार बसणार नाही. आतून बाहेरून चिखलाचा गिलावा, मध्ये एक बाक. ती विकायची नाही, भाड्याने द्यायची नाही. बाबांना छपराखाली झोप यायची नाही, तर ही एक खोली त्यांच्यासारखी उघडी राहील. मारेनला सांगितलं तर तिच्या डोळ्यांत पाणी आलं. म्हणजे कल्पना वाईट नसावी.

एक अडचण आहे. छप्पर नसलेली मातीची भिंत दर वर्षी लिंपावी लागते. एक वर्ष चुकलं की खपली, दोन वर्षं चुकली की भगदाड. म्हणजे दर उन्हाळ्यात कुणीतरी घरच्या बाईने तिला हात लावला तरच ती राहील. मला वाटलं हेच बरोबर आहे. पण हे ठरवणारा मी कोण? डबा घेऊन तू गेली होतीस.

तेव्हा माझं म्हणणं असं. तू ये. घरांना पहिला हात लाव किंवा लावू नकोस, तुझी मर्जी. पण कोठडीबद्दल तू सांगशील ते मी करीन. बाक म्हणालीस तर बाक, दुसरं काही म्हणालीस तर दुसरं. मी वाद घालणार नाही. म्हणजे घालीन, पण करीन तू सांगशील तेच. हे मी लिहून देतो आहे आणि खाली सही करतो आहे. असलं कागदावर मी बँकेलासुद्धा कधी दिलेलं नाही.

चोवीस तारखेचा सान हुआनचा सण झाला की पाऊस कधी कोसळेल याचा भरवसा नाही. मी विनवत नाही. तू नाही आलीस तरी मी मागे हटणार नाही. विटा वाहून गेल्या तर खड्डा तिथेच आहे, परत पाडीन. मी सहासष्ट वर्षांचा आहे, माझ्याकडे वेळच वेळ आहे.

तुझा भाऊ,
एवारिस्तो बाएसा

२८ जून

ताई,

तू एल पासोला पोचून तुझ्या शेजारणींना हे तुझ्या पद्धतीने सांगायला लागली असशील, म्हणून मी माझ्या पद्धतीने लिहून ठेवतो.

तू आलीस ती न कळवता, ओदिलोनच्या गाडीतून, काळा पोशाख घालून, जणू कुणाच्या मयताला आली आहेस. मी जवळ आलो तर म्हणालीस, "तुला भेटायला नाही आले." मग काठी टेकत तू बराकीच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत चाललीस. आम्ही सगळे मागे, वरातीसारखे. मारेनच्या घरापाशी थांबलीस, आत डोकावलीस, कोनाड्यावरून हात फिरवलास.

"हे कुणी केलं?"

मारेन पुढे आली. तिची स्पॅनिश अजून लंगडी आहे. "मी, सेन्योरा."

"कोपरा जाड झालाय," तू म्हणालीस. "पण हात चांगला आहे." मारेन अजून तेच वाक्य सगळ्यांना सांगत फिरते, जाड कोपऱ्याचं वगळून.

हेर्लिंदाच्या बाया कुंपणाला टेकून उभ्या होत्या. तू त्यांना म्हणालीस, "उभ्या काय राहिलात? पाणी घाला." मग बाह्या वर केल्यास, मूठभर चिखल घेतलास, नाकाशी नेलास, थुंकलीस आणि म्हणालीस, "भुसा कमी आहे. कुणी मळला हा?" सगळ्यांनी माझ्याकडे बोट दाखवलं. तो चिखल तू परत मळायला लावलास. आणि मग पहिला हात लावलास, तळहात भिंतीवर असा दाबून खालून वर, जशी आई लावायची. तुझ्या ओठांवर काहीतरी चालू होतं. प्रार्थना असेल किंवा शिवी. इतके तीक्ष्ण कान असून मला ऐकू आलं नाही.

सहाही घरांना तू हात लावलास. मी मनात म्हटलं, जिंकलो.

मग कोठडी. तू चौकटीत उभी राहिलीस, आत गेली नाहीस. मी बाकाचं बोलायला तोंड उघडलं. तू बादली मागितलीस. मी चिखलाची पुढे केली. "पाण्याची," तू म्हणालीस. आणि हात धुतलेस, कोपरापर्यंत, नखांतून, सावकाश.

"हिला नको," तू म्हणालीस. "टेकू काढ."

मी म्हटलं, "ताई, विचार कर, वर आभाळ..."

"तू ती सुंदर करायला निघाला आहेस. जे सुंदर नव्हतं ते सुंदर करू नकोस. घरं कर. घरं चांगली आहेत. लोक भांडतील, जेवतील, पोरं होतील. हे घर नाही. हे इथे आपण होऊन उभं नाही, तू धरून ठेवलंयस म्हणून उभं आहे."

"बाबांनी बांधलंय."

"त्यांना बांधायला लावलं," तू म्हणालीस. "त्यात फरक आहे. टेकू काढ."

मी वाद घालीन असं लिहिलं होतं आणि घातला, सगळ्यांसमोर, घसा बसेपर्यंत. मला अजून वाटतं माझी कल्पना जास्त चांगली होती. मरेपर्यंत वाटेल. पण सही माझी होती. टेकू मी स्वतः काढले, कुणाला हात लावू दिला नाही. तू शेवटचा टेकू पडेपर्यंत उभी राहिलीस, आणि मग म्हणालीस, "आता भूक लागली." आपल्या घरी तू पाच तोर्तिया खाल्ल्यास आणि माझ्या चिलीला नावं ठेवलीस.

जाताना माझ्या दाराला हात लावलास. मी बोललो नाही. आता लिहितो.

एवारिस्तो

३ ऑगस्ट

ताई,

पाऊस झाला. सहाही घरं कोरडी. मारेनच्या दर्शनी भिंतीवर फक्त एक ओघळ उमटला, तो हेर्लिंदाने ओल्या हाताने पुसून टाकला, तोंडावरचं दूध पुसावं तसा. चित्रकाराचं निळं दार फुगलं आणि लागत नाही. तो दार उघडं टाकून झोपतो, गावातली कुत्री त्याच्याकडे मुक्कामाला आहेत.

कोठडीची कललेली भिंत दुसऱ्या मोठ्या सरीला गेली. मी समोर छत्री धरून उभा होतो. आवाज झाला नाही. मला वाटलं होतं धडाड होईल. गुडघ्यातून बसावी तशी खाली बसली. बाकीच्या तीन भिंती उघड्या आहेत आणि रोज थोड्या खाली येतात. मी त्यांच्यावर ताडपत्री टाकलेली नाही.

आणि मग राजधानीहून एक माणूस आला. ऐतिहासिक वास्तूंचं बघतो म्हणाला. घरं बघून खूश झाला, फोटो काढले, आणि पूर्वेच्या टोकाला येऊन त्याने डोक्याला हात लावला.

"मिस्टर बाएसा, हाच तर सगळ्यात मोलाचा भाग! हा वाचवायला हवा. आम्ही छप्पर देऊ, कठडा देऊ, पितळेची पाटी देऊ. इथे काय घडलं ते लोकांना कळायला नको का?"

माणूस सज्जन होता, ताई. दोन महिन्यांपूर्वी आला असता तर मी त्याला मिठी मारली असती. पाटी! बाबांचं नाव पितळेत! मला मोह झाला, हे तुझ्यापासून लपवत नाही.

मग म्हटलं, "इथे काय घडलं ते लोकांना ठाऊक आहे. त्या कुंपणाशी ज्या बाया उभ्या आहेत ना, त्यातल्या कुणालाही विचारा. जेवायला बसवून सांगतील."

"पण पुरावा..."

"पुरावा एल पासोला राहतो. तिने टेकू काढायला सांगितले."

"कायद्याने मी तुम्हाला थांबवू शकतो."

"पावसाला थांबवा," मी म्हटलं. "मी काहीच करत नाहीये. मी नुसता उभा आहे."

हेर्लिंदाला हसू आवरेना. तो गेला, परत येणार म्हणून सांगून गेला. येऊ दे. माझं नाव त्याने लिहून घेतलं, मी त्याला स्पेलिंग नीट सांगितलं. तुझंही सांगितलं.

आता खरं कारण, ज्यासाठी हे पत्र. कोठडीची माती आवारात ढीग होऊन पडली आहे. मारेनला अंगणात पाव भाजायची भट्टी घालायची आहे, सहाही घरांना मिळून एक. ती माझ्याकडे आली आणि बिचकत म्हणाली, "ती माती घेऊ का?" मी काही बोलायच्या आत हेर्लिंदा ओरडली, "त्या मातीत भाजलेला पाव माझ्या घशाखाली उतरणार नाही!" तिच्यामागून तिची धाकटी जाऊ म्हणाली, "माझ्या उतरेल. मी तर चावून चावून खाईन." मग दोघींची जुंपली. सगळ्या बायांचे दोन तट पडले आहेत. गेल्या रविवारी मिस्सानंतर चर्चच्या पायरीवरसुद्धा तोच विषय. गावात सत्तर वर्षांत त्या कोठडीबद्दल कुणी इतक्या मोठ्याने बोललं नव्हतं.

माझं मत आहे, पण मी ते कुणाला सांगितलेलं नाही. मी सगळ्यांना म्हटलं, माती ओतिलियाची आहे, तिला विचारतो. म्हणून विचारतो आहे. दे म्हणालीस तर देईन. नको म्हणालीस तर स्वतः गाडी भरून खालच्या खड्ड्यात नेऊन ओतीन, बदकांना. दोन्हीपैकी काहीही सांग, आणि मी यावेळी वादसुद्धा घालणार नाही.

पण गप्प बसू नकोस. सत्तर वर्षं बसलो ना सगळे, ते आता पुरे. कार्ड टाक. एक ओळ चालेल. तुला एका ओळीत बोलता येतं हे सगळ्या जिल्ह्याला ठाऊक आहे.

मारेनने भट्टीसाठी दगडांचा गोल पाया घालून ठेवला आहे आणि बाया रोज संध्याकाळी येऊन त्याभोवती भांडतात. पोस्टमन आला की सगळ्या त्याच्या पिशवीकडे बघतात. लवकर लिही.

एवारिस्तो